परीक्षा दिली की घेतली?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की इंग्रजीत आपण अडतो ते अवघड शब्दांपाशी नाही तर सोप्या शब्दांपाशी, म्हणजे कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो तिथे आपली गाडी घसरते, आणि तुमचंही कुठे असं घसरलं असेल तर कळवा. वाटलं चार-पाच पत्रं येतील. इतकी आलीयेत की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाही. सगळी घेणं शक्यच नव्हतं, म्हणून ज्यांच्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी निवडलीत. नावं घातलेली नाहीत, कारण अर्ध्या लोकांनी 'नाव छापू नये' असं खाली दोन रेघा मारून लिहिलंय. नुसती पेठ छापली तरी पुण्यात माणूस कळतो हा भाग वेगळा.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे, इंग्लिश मीडियमला. निबंधात तिने 'आय गेव्ह माय एक्झाम' लिहिलं आणि टीचरनी त्याला लाल गोल केला. मी म्हटलं यात काय चुकलं, परीक्षा आपण देतोच ना? तर आता ती मला म्हणते, आई तुला इंग्लिश येत नाही. काय सांगू तिला? — एक आई, कोथरूड

ताई, तिला सांगा की तिचं मराठी पक्कं आहे म्हणून तिचं इंग्लिश चुकलं. खरंच सांगतेय, चेष्टा नाही. मराठीत मुलं परीक्षा देतात आणि सर परीक्षा घेतात. इंग्रजीत बरोब्बर उलटं, मुलं परीक्षा 'टेक' करतात आणि मास्तर 'गिव्ह' करतात. म्हणजे तुमची लेक उद्या लंडनच्या एखाद्या माणसाला म्हणाली की 'आय गेव्ह अ टेस्ट धिस मॉर्निंग', तर तो विचारेल की वर्गात किती मुलं होती गं? ब्रिटनमध्ये परीक्षेला 'सिट' पण लावतात, 'शी इज सिटिंग हर एक्झाम्स', आणि ते आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, आपण परीक्षेला बसतोच की. कॅनडात तर परीक्षा 'राइट' करतात. परीक्षा तीच, घाम तोच, फक्त कोणी देतं, कोणी घेतं, कोणी बसतं आणि कोणी लिहितं.

हे होतं कसं बघा. 'एक्झाम' हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला पण त्याच्या शेजारचं क्रियापद घरचंच ठेवलं, 'एक्झाम दिली'. मग जेव्हा अख्खं वाक्य इंग्रजीत करायची वेळ येते तेव्हा ते घरचं 'देणे' पण मागोमाग जातं आणि तिकडे 'गिव्ह' होऊन बसतं. इतकी वर्षं शिकवल्यावर माझं ठाम मत झालंय की आपली चूक नामात क्वचित होते, ती होते क्रियापदात, आणि तेही मोठ्या क्रियापदात नाही, करणे, देणे, घेणे, लावणे असली जी बारकी क्रियापदं आहेत ना, ज्यांच्याकडे शब्दार्थ पाठ करताना कोणी ढुंकून बघत नाही, त्यांच्यात. 'अटेन्शन' म्हणजे लक्ष हे पोरं पाठ करतात, पण लक्ष देणे म्हणजे 'गिव्ह' नाही तर बहुतेक वेळा 'पे अटेन्शन', इंग्रजी माणूस लक्ष जणू पैशासारखं मोजून देतो, हे कोणी सांगत नाही. भेट देणे म्हणजे पण 'पे अ व्हिजिट'. आणि कौतुक करायचं तर तिथेही 'पे अ कॉम्प्लिमेंट', म्हणजे खिशात हात घालावाच लागतो.

फर्थ नावाचे एक ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५७ मध्ये लिहून ठेवलंय की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्या आज्यांनी हे बैलांवरून सांगितलं होतं, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

आता टीचरच्या लाल गोलाबद्दल. 'गिव्ह अ‍ॅन एक्झाम' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की देशात कुठेही बोललात तरी कोणी अडणार नाही, त्यामुळे बोलताना सुटलं तर सुटलं. पेपरात मात्र 'टेक' लिहायचं. आणि लेकीला एक उलटा प्रश्न टाका, 'युनिट टेस्ट कधी घेणार' हे टीचरना इंग्रजीत कसं विचारशील? अडेल बघा.

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीमध्ये आहे. क्लायंट कॉलला उशीर झाला म्हणून सांगितलं, 'देअर वॉज स्ट्राँग रेन अँड बिग ट्रॅफिक'. त्याला सगळं कळलं, 'नो प्रॉब्लेम' पण म्हणाला. पण आमच्या लीडने नंतर सगळ्या टीमसमोर मला करेक्ट केलं. समोरच्याला कळलं ना, मग चूक कशी? — रोज अडकणारा, वाकड

सगळ्यांसमोर करेक्ट करणं ही तुमच्या चुकीपेक्षा मोठी चूक आहे, ते आधी सांगते. आता तुमचं. कळलं म्हणजे झालं हे अर्धं खरंय. एखादा परदेशी पाहुणा तुम्हाला म्हणाला की 'काल पुण्यात मजबूत पाऊस झाला', तर तुम्हाला कळेलच, पण मनात एक छोटा खडा टोचेल की नाही? तेवढंच त्या क्लायंटला टोचलं असणार.

इंग्रजीत पावसाला वजन असतं आणि वाऱ्याला ताकद. 'हेवी रेन' पण 'स्ट्राँग विंड'. बर्फही 'हेवी', आणि ट्रॅफिकही 'हेवी', हे तर तुम्ही वाकड पुलाखाली रोज अंगावर घेताच. फार सिगरेटी ओढणारा 'हेवी स्मोकर', आणि ज्याला ढोल वाजले तरी जाग येत नाही तो 'हेवी स्लीपर', त्याचं वजन चाळीस किलो असलं तरी. उलट वास 'स्ट्राँग', नदीचा प्रवाह 'स्ट्राँग', बोलण्यातला गावाकडचा हेल 'स्ट्राँग'. आणि आता गंमत, तुम्ही 'इट रेन्ड हार्ड' म्हटलं असतंत तर ते चाललं असतं! पाऊस नाम असेल तर 'हेवी', क्रियापद असेल तर 'हार्ड' पण चालतं. 'हार्ड रेन' तसं ऐकायला मिळतं पण रोजच्या बोलण्यात 'हेवी'च.

चहाचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. हॅलिडे नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी साठच्या दशकात दाखवून दिलं होतं की 'स्ट्राँग' आणि 'पॉवरफुल' दोन्हीचा अर्थ जवळपास एकच, मुद्द्याला दोन्ही लागतात, 'स्ट्राँग आर्ग्युमेंट' म्हणा नाहीतर 'पॉवरफुल आर्ग्युमेंट' म्हणा, पण चहा फक्त 'स्ट्राँग' आणि गाडी मात्र 'पॉवरफुल'. 'पॉवरफुल टी' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल की यात काहीतरी मिसळलंय.

आणि चहावरून आठवलं, आपला 'कडक' हा शब्द घ्या. अमृततुल्यात उभं राहून आपण म्हणतो एक कडक चहा, आणि मग बाहेर कडक ऊन असतं, डिसेंबरात कडक थंडी असते, शाळेत कडक सर होते, शर्टाला कडक इस्त्री लागते, कालची भाकरी कडक झालेली असते आणि पेपरात रोज कोणावर तरी कडक कारवाई होणार असते. आपल्याला एका शब्दात सगळं भागतं. इंग्रजीत गेलात की प्रत्येकाचं घर वेगळं. चहा 'स्ट्राँग', ऊन 'हार्श' किंवा 'स्कॉर्चिंग', थंडी 'बिटर', म्हणजे चक्क कडू, सर 'स्ट्रिक्ट', इस्त्रीचा शर्ट 'क्रिस्प', भाकरी 'हार्ड'. कारवाईला आपल्याकडचे इंग्रजी पेपर 'स्ट्रिक्ट अ‍ॅक्शन' लिहितात, ब्रिटनमधला पेपर बहुतेक 'टफ' लिहील. आमच्याकडे एक विद्यार्थी होता, त्याने थंडीला 'स्ट्रिक्ट विंटर' लिहिलं होतं. मी मार्क कापला, पण आजही जानेवारीत पहाटे दूध आणायला बाहेर पडले की मला तो हिवाळा हातात पट्टी घेऊन उभा दिसतो. कडकलक्ष्मीला मात्र इंग्रजीत जोडीदार नाही, शोधू नका.

हे उलट बाजूनेही होतं. 'हेवी' हा एकच शब्द मराठीत आणताना आपण पाऊस जोरदार करतो, ट्रॅफिक तुडुंब करतो, झोप गाढ करतो, मन जड करतो. म्हणजे इंग्रजी माणूस मराठी शिकायला बसला की त्याची पण हीच पंचाईत, 'जड पाऊस' म्हणून बसणार बिचारा.

प्रश्न : महोदया, आपले सदर नियमित वाचतो. दोन गोष्टी. एक, गेल्या अंकात 'सहाय्य' असे छापले होते, ते 'साहाय्य' असे हवे. दोन, इंग्रजी ही मुळातच बेशिस्त भाषा आहे. माणूस 'टॉल' आणि डोंगर 'हाय' हे कोणी ठरवले? आपल्या मराठीत असला भोंगळपणा नाही. उंच म्हणजे उंच. — एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

काका, 'साहाय्य' मान्य, माफी असावी. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी भांडणार आहे.

'टॉल' आणि 'हाय' यांच्यात थोडी तरी शिस्त आहे. जे उंच आहे आणि त्या मानाने अंगाने सडपातळ आहे ते 'टॉल', म्हणजे माणूस, झाड, खांब. जे पसरलेलं आहे किंवा जमिनीपासून वर आहे ते 'हाय', म्हणजे डोंगर, भिंत, फळी. सिंहगड 'हाय', नारळाचं झाड 'टॉल'. इमारत बऱ्याचदा 'टॉल' असते. असो.

आता आपली मराठी. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, उडी मारतो, मिठी मारतो, फेरी मारतो, थापा मारतो, दुपारी एक ते चार डुलकी मारतो, शाळेला दांडी मारतो. एवढं मारून कोणाला काही लागत नाही. आपण मार खातो आणि शपथही खातो, शपथ घेतो सुद्धा, पण ती मंत्र्याची वेगळी आणि आईची वेगळी. फोटो काढतो आणि झोपही काढतो, भांडणही काढतो, दिवसही काढतो. कुकर लावतो, विरजण लावतो, पैज लावतो, दिवा लावतो, जीव लावतो. कोणी ठरवलं हे? मला एकदा एका जर्मन मुलीला मराठी शिकवायची वेळ आली होती, तिने विचारलं की तुम्ही 'मला भूक लागली' म्हणता, 'मला राग आला' म्हणता, मग भूक का येत नाही आणि राग का लागत नाही? मी म्हटलं चल चहा घेऊ.

त्यामुळे बेशिस्त वगैरे काही नाही, प्रत्येक भाषेत शब्दांची लग्नं कधीच लागून गेलेली असतात, आपण फक्त नंतर जेवायला पोचतो. आणि तुम्हाला खरंच राग काढायचा असेल तर तो टीव्हीवरच्या 'माझी मदत करशील का?' वर काढा. मराठीत मला मदत करतात, 'माझी मदत' ही सरळ हिंदीतून उचललेली जोडी आहे. शब्द सगळे मराठी, जोडी परकी. अगदी 'आय गेव्ह माय एक्झाम'सारखंच झालं ना हे? त्याविरुद्ध तुम्ही चॅनलला पत्र लिहिलंत तर त्याखाली मी तुमची सही बघेन.

प्रश्न : 'मेक' कुठे आणि 'डू' कुठे याचा एकच शॉर्टकट सांगा ना प्लीज, एन्ट्रन्स जवळ आलीये. — एफवायची विद्यार्थिनी, आकुर्डी

शॉर्टकट आहे पण गळका आहे. काहीतरी नवीन तयार होतं तिथे 'मेक', नुसतं काम उरकतं तिथे 'डू'. केक 'मेक', आवाज 'मेक', प्लॅन 'मेक', बहाणा 'मेक', आणि चूक पण 'मेक', कारण ती आधी नव्हती आणि आता आहे. होमवर्क 'डू', कपडे धुणं 'डू', भांडी 'डू', व्यायाम 'डू'. 'डिड अ मिस्टेक' ही आपल्याकडची नंबर एकची चूक आहे, एवढी एक सुटली तरी मी पेढे वाटीन.

गळतं कुठे, तर अंथरूण आवरणे हे 'मेक द बेड', तिथे सुतारकाम काही नसतं. फोन 'मेक अ कॉल'. कोणावर उपकार करायचे तर 'डू अ फेव्हर', नुकसान करायचं तरी 'डू डॅमेज'. आणि जिथे मराठीत 'करणे' आहे तिथे इंग्रजीत दोन्ही सोडून तिसराच येतो असंही होतं, आंघोळ ब्रिटनमध्ये 'हॅव' आणि अमेरिकेत 'टेक', नाश्ता 'हॅव', पार्टी 'हॅव' नाहीतर 'थ्रो'. निर्णय अमेरिकेत 'मेक', ब्रिटनमध्ये 'टेक' पण चालतो, त्यामुळे तिथे आपलं 'निर्णय घेणे' सुखरूप पोचतं. दिलासा हवा असेल तर एवढाच की फ्रेंच लोकांना पण दोन्हीसाठी एकच क्रियापद आहे, त्यामुळे ते पण आपल्याच बाकावर बसलेत.

प्रश्न : मुलाने रेझ्युमेत 'पास्ड आउट फ्रॉम इंजिनीअरिंग कॉलेज' लिहिलं होतं. अमेरिकेतल्या भाचीने वाचलं आणि पोट धरून हसली. आमच्या वेळेपासून सगळे हेच म्हणतात, मग हे आलं कुठून? — बाबा, वारजे

भाची हसली कारण तिकडे 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन पडणे, नाहीतर पिऊन आडवं होणे. 'आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' म्हटलं की तिला तुमचा मुलगा कॉलेजच्या गेटपाशी कोसळलेला दिसला असणार.

पण आलं कुठून याचं उत्तर तुमच्यापासून फार लांब नाही. वारज्याहून खडकवासल्याकडे निघालात की एनडीए लागते, आणि तिथे वर्षातून दोनदा जी होते ती 'पासिंग आउट परेड'. लष्करात प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे म्हणजे 'पास आउट', आणि ते ब्रिटिश सैन्यात आजही अगदी शुद्ध इंग्रजी आहे. आपण ते कॅडेटच्या अंगावरून काढलं आणि बीएच्या, बीकॉमच्या, इंजिनीअरच्या अंगावर घातलं. म्हणजे जोडी खोटी नाही, माणूस बदलला. रेझ्युमेत 'ग्रॅज्युएटेड' लिहायला सांगा, बाकी घरात पास आउट म्हणायला काही हरकत नाही.

अशी बरीच मंडळी आहेत. 'डू द नीडफुल' हे एकेकाळी ब्रिटिश पत्रव्यवहारात सर्रास होतं, त्यांनी सोडलं, आपल्या ऑफिसांनी जपलं, वाड्यातला पितळी बंब जपावा तसं. 'आउट ऑफ स्टेशन' मधलं स्टेशन रेल्वेचं नाही, साहेबाची नेमणूक जिथे असायची ते ठाणं, त्यामुळे पुण्याहून साताऱ्याला एसटीने गेलं तरी माणूस आउट ऑफ स्टेशन असतो. आणि 'प्रीपोन' तर मला फार आवडतो, 'पोस्टपोन' आहे मग त्याला भाऊ नको का? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही तो घेतलाय. हे सगळं चुकीचं म्हणून मी कापत नाही. माझी कसोटी एकच, समोरच्याला भलताच अर्थ लागतो का? लागत असेल तर बदला. 'पास आउट' बदला. ऑफिसचा पत्ता सांगताना 'बॅकसाइड ऑफ द बिल्डिंग' नक्की बदला, 'बिहाइंड द बिल्डिंग' म्हणा, कारण 'बॅकसाइड' म्हणजे तिकडे माणसाचा तो भाग ज्यावर तो बसतो.

प्रश्न : मुसळधार पावसाला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हटलं तर इंप्रेशन पडतं ना? — बिबवेवाडी

पुस्तकातलं पाठ केलंय एवढं इंप्रेशन पडतं. 'इट्स पोअरिंग' म्हणा आणि छत्री उघडा.

प्रश्न : 'सॉल्ट अँड पेपर' म्हणतात, 'पेपर अँड सॉल्ट' का नाही? 'ब्रेड अँड बटर', 'ब्लॅक अँड व्हाइट' पण तसंच. क्रम उलटा केला तर अर्थ तर तोच राहतो. — संस्कृतचे निवृत्त शिक्षक, नारायण पेठ

सर, तुम्ही संस्कृतचे आहात म्हणून उत्तर द्यायला हात शिवशिवतोय. माल्किएल नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये या न उलटणाऱ्या जोड्यांवर लेख लिहिला, आणि त्यात आणि नंतरच्या कामात जी कारणं निघाली त्यातलं एक ठळक कारण म्हणजे लहान शब्द आधी येतो. 'सॉल्ट' एका झटक्यात संपतो, 'पेपर'ला दोन लागतात. 'ब्रेड' एक, 'बटर' दोन.

आणि हे वाचताना मला तुमचा पाणिनी आठवला. 'अल्पाच्तरम्', दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं चौतिसावं सूत्र, द्वंद्व समासात ज्या पदात स्वर कमी ते आधी! माल्किएलच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधी. हे लिहिताना मला उगाचच आपल्या वाड्यातल्या कोणीतरी बक्षीस मिळवल्यासारखं वाटतंय. मग वार्तिककारांनी, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना पुरवण्या जोडणाऱ्यांनी, त्यात भर घातली की ज्याचा मान जास्त ते आधी, म्हणून 'मातापितरौ' मध्ये आई पुढे. मराठीत पण आई-वडील, आणि इंग्रजीतही 'मम अँड डॅड'. बाकी ठिकाणी मात्र इंग्रजीला बाप्याचा मान जास्त दिसतो, 'हजबंड अँड वाइफ', 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'. म्हणूनच विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोत 'सिस्टर्स अँड ब्रदर्स ऑफ अमेरिका' म्हटलं त्यात बहिणी आधी आल्या हे आजही कानाला जाणवतं.

नियम पळवाटांसकट घ्यायचा हं. आपला ऊन-पाऊस पाणिनीचं ऐकतो, मीठ-भाकर ऐकते, पण वरण-भात ऐकत नाही, बोलताना वरणाला दोन झटके आणि भाताला एक तरी वरण पुढे. 'थंडर अँड लाइटनिंग' तर निसर्गाचंही ऐकत नाही, आधी वीज दिसते आणि मग गडगडाट ऐकू येतो हे शाळेतलं पोरही सांगेल, पण इंग्रजीत गडगडाट पहिला. 'ब्लॅक अँड व्हाइट' मध्ये लांबी सारखीच आहे, तिथे नुसती सवय, आणि आपल्या 'कृष्णधवल' मध्येही काळाच पुढे उभा आहे.

प्रश्न : हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? रोज दहा शब्द पाठ करते, तरी बोलताना अडतेच. वय ४२. — गृहिणी, धनकवडी

शब्द पाठ करणं थांबवा, उत्तर संपलं. बरं, थोडं सविस्तर.

वहीत 'डिसिजन म्हणजे निर्णय' असं लिहू नका, 'मेक अ डिसिजन' असं अख्खं लिहा. शब्द एकटा घरी आणायचाच नाही, जोडीने आणायचा, केळवणाला बोलावतो तसं. त्याच्या खाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य, म्हणजे 'वी मेड अ डिसिजन टु सेल द स्कूटर' असं काहीतरी, जे तुमच्याकडे खरंच झालंय. पुस्तकातलं वाक्य विसरतं, विकलेली स्कूटर विसरत नाही. आणि दिवसाला दहा नको, दोन पुरे.

ही युक्ती माझी नाही. हॅरल्ड पामर नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२२ मध्ये जपानला गेले, तिथल्या मुलांची पण तुमच्यासारखीच तक्रार होती की शब्द येतात पण वाक्य होत नाही, तर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा जोड्या गोळा करायला घेतल्या आणि १९३३ मध्ये टोकियोत त्यांची मोठी यादी छापली. पुढे ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या टीमने हेच काम कॉम्प्युटरवर केलं, लाखो शब्दांचा खराखुरा मजकूर भरून कुठला शब्द कोणाशेजारी किती वेळा बसतो ते मोजलं. आज नुसत्या जोड्यांचे वेगळे शब्दकोश मिळतात, अप्पा बळवंत चौकात विचारा. त्यात नाम शोधायचं, 'रेन' काढलं की खाली 'हेवी' पासून सगळी विशेषणं आणि क्रियापदं रांगेत उभी असतात. साध्या शब्दकोशात पाऊस म्हणजे काय ते सांगतात, तुम्हाला पाऊस म्हणजे काय हे माहितीये हो.

आणि बोलताना अडलात तर अडा. वाक्याच्या मध्ये थांबून विचार करणाऱ्या बाईकडे कोणी हसत नाही, हसतात असं फक्त आपल्याला वाटतं.

प्रश्न : आजी, मी तिसरीत आहे. मी म्हटलं 'आय ड्रिंक सूप' तर दादा म्हणाला 'ईट सूप' म्हणतात. सूप पातळ असतं. कोण बरोबर? — सहकारनगर (पत्र आईने लिहून दिलंय, चित्र माझं मी काढलंय)

बाळा, चित्र मस्तच आहे, वाटीतून वाफ येतीये ती तर फारच. दादा पण बरोबर आणि तू पण बरोबर. इंग्रजीत चमच्याने घेतलं तर सूप 'ईट' करतात, आणि कपाला तोंड लावून घेतलं तर 'ड्रिंक'. म्हणजे दादाला म्हण की आधी चमचा दाखव. औषध मात्र पातळ असलं तरी 'ड्रिंक' नाही करायचं, ते 'टेक' करायचं, आपण पण औषध घेतोच ना, तसंच.

आणि तुला एक गंमत सांगते, ती दादाला माहिती नसणार. बंगाली लोक पाणी पण खातात! म्हणजे पितातच, पण बोलताना 'जल खाबो' म्हणतात. तुमच्या सोसायटीत कोणी बंगाली काकू असतील तर त्यांना विचारून बघ, आणि त्या सूप काय करतात ते मला कळव.